पेटी कोण वाजवतंय?

मागच्या मे महिन्यात घरूनच काम चालू होतं. नागपुरात मे महिन्यात घरून काम करायचं म्हणजे कूलरच्या तोंडाशी खुर्ची ओढायची आणि मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की तेवढ्यापुरता कूलर बंद करायचा. हेडफोन चार्जिंगला होते, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवरच गाणी लावली होती. बीटल्सचं ‘द इनर लाइट’ लागलं. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते, ते दारात थांबले. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून बाबा कॉलनीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. बीटल्स त्यांच्यासाठी ‘ते लांब केसवाले चौघं’, याच्यापुढे नाही. गाणं अडीच मिनिटांचं. ते संपेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, “पेटी कोण वाजवतंय रे?”

मी म्हणालो, “बीटल्सच आहेत बाबा.”

“हट्. अशी पेटी आपल्याकडचाच माणूस वाजवेल.”

गंमत म्हणजे या गाण्यावरून मी मित्रांना कॉलेजपासून पिडत आलोय. कधी रेकॉर्ड झालं, कुठे झालं, कोणत्या गाण्याच्या पाठीवर निघालं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पेटी कोण वाजवतंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आधी ‘पाठीवर निघालं’ म्हणजे काय, ते सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सात इंची रेकॉर्ड हातात घेतलेली नसणार. मीही उशिराच घेतली. रॉक बँड नवीन गाणं काढायचा ते सिंगल म्हणून: मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी, एका बाजूला एक गाणं. रेडिओवर वाजवायचं, दुकानात खपवायचं ते गाणं ए-साईडला. पण तबकडीला दोन बाजू असतात, दुसरी कोरी कशी ठेवणार? म्हणून तिच्यावर काहीतरी टाकायचं, ती बी-साईड. आपल्या घरांतल्या कॅसेटलाही बी-साईड असायची, पण ती वेगळी. तिथे ए संपली की बी आपोआप आलीच, आईने भाजी निवडता निवडता उलटून लावली इतकंच. सिंगलची बी-साईड मुद्दाम उठून उलटावी लागायची, आणि तीही एकाच गाण्यासाठी.

या दुसऱ्या बाजूचा इतिहास मोठा मजेशीर आहे. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली बी-साईड म्हणून निघालं. पुढच्या वर्षी एका सिनेमात वाजलं आणि जगभर गाजलं. क्वीनचं ‘वी विल रॉक यू’, ज्यावर आपल्या प्रत्येक गॅदरिंगला बाकं बडवली जातात, ते १९७७ साली ‘वी आर द चॅम्पियन्स’च्या पाठीवर होतं. याच क्वीनची आणखी एक गोष्ट ‘बोहेमियन रॅप्सडी’ सिनेमा पाहिलेल्यांना आठवत असेल. ड्रमर रॉजर टेलरने गाडीवरच्या प्रेमाचं एक गाणं लिहिलं होतं आणि त्यावरून बाकीचे त्याची टर उडवतात. ते गाणं १९७५ मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’च्याच बी-साईडला गेलं. रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंच्या गाणं लिहिणाऱ्यांना हिस्सा सारखाच मिळायचा. त्यामुळे इतिहासातल्या एका अचाट गाण्याइतकेच पैसे गाडीवरच्या गाण्याने मिळवले, आणि बँडमध्ये व्हायची ती धुसफूस झाली.

मला यातली धुसफूस महत्त्वाची वाटत नाही, हिशेब महत्त्वाचा वाटतो. बी-साईडचा स्वतःचा खप नसायचा. ए जितकी खपली तितकीच बी खपली. किती जणांनी उलटून ऐकली हे दुकानदाराला कळायचं नाही, कंपनीला नाही आणि बँडलाही नाही. मी ज्या कामावर पोट भरतो त्यात प्रत्येक बटण किती जणांनी दाबलं, किती सेकंदांनी लोक कंटाळून निघून गेले, याचा आलेख रोज सकाळी समोर येतो. आलेख पडला की ते बटण काढून टाकायचं. असं काम करणाऱ्याला ज्याचा आलेखच निघू शकत नाही अशा गाण्याचं काय अप्रूप वाटत असेल! आज प्रत्येक गाण्याखाली आकडा असतो. आपण गाणं ऐकायच्या आधी आकडा वाचतो. बी-साईडला ए-साईडच्या आकड्याआड लपता यायचं, आणि लपलेल्या माणसाला मनासारखं वागता येतं.

आता ‘इनर लाइट’कडे येतो. हे गाणं १५ मार्च १९६८ ला इंग्लंडमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीवर निघालं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्ज हॅरिसनचं गाणं येण्याची ही पहिली वेळ. तोवर दोन्ही बाजू मुख्यतः लेनन-मॅकार्टनीच्या. हे गाणं तयार झालं ते मुंबईत, फोर्टमध्ये, सर फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत.

हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आला होता तो ‘वंडरवॉल’ नावाच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत करायला. वय २४. स्टुडिओत स्टीरिओ यंत्र नव्हतं, ते कोलकात्याहून आणवलं भास्कर मेनन यांनी, जे पुढे जगभरच्या ईएमआय संगीताचे प्रमुख झाले. खोलीला धड ध्वनिरोधन नव्हतं. खालून टॅक्सी गेली की आवाज आत. संध्याकाळी साडेपाचला खालची ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा असा धडधडाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. हे सगळं हॅरिसननेच नंतर सांगितलंय. सिनेमाचं काम उरकल्यावर वेळ शिल्लक होता. त्या शिल्लक वेळात, १२ जानेवारीला, त्याने त्याच वादकांकडून आणखी एक चाल वाजवून घेतली. ती टेप लंडनला गेली, फेब्रुवारीत तिच्यावर शब्द गायले गेले. आधी त्याला गायचा धीर होईना. लेनन आणि मॅकार्टनीने भरीला घातलं आणि शेवटच्या ओळींत दोघांनी मागून सूर मिसळला. बीटल्सपैकी कोणाचाही हात त्या गाण्यात एकाही वाद्याला लागलेला नाही. गाणं त्यांचं आणि वाजवणारे सगळे आपले.

शब्दांची वाट तर आणखी लांबची. मूळ लाओ त्झूचं, ‘ताओ ते चिंग’च्या ४७ व्या प्रकरणातलं. घराबाहेर न पडताही जग कळतं, जितकं लांब जावं तितकं कमी कळतं, असं काहीसं. हे हॅरिसनला सुचवलं केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारोने, पत्र लिहून. हाच मास्कारो पेंग्विनच्या भगवद्गीतेचा अनुवादक. म्हणजे चिनी मजकूर, स्पॅनिश प्राध्यापक, इंग्रज गायक, मुंबईतले वादक, कोलकात्याचं यंत्र, आणि एवढा प्रवास करून गाणं सांगतंय काय, तर कुठे जायची गरज नाही! एका जागी बसून एकचित्त होण्याची गोष्ट तुकोबांनी आपल्याला देहूहून कमी खर्चात सांगितली होती.

पण चेष्टा बाजूला ठेवतो, कारण गाणं खरोखर चांगलं आहे, आणि का चांगलं आहे हे सांगायला हवं. हॅरिसनचं आधीचं ‘विदिन यू विदाउट यू’ मला अजूनही प्रवचनासारखं वाटतं. पाच मिनिटं तो तुम्हाला समोर बसवून समजावतो आणि सूरही तसाच जडशीळ. ‘इनर लाइट’ सुरू होतं ते धावत. सरोद आणि सनई एकमेकांच्या वाक्यात बोलल्यासारखे, खाली पखवाज. आणि मग अचानक सगळं थांबल्यासारखं होतं, फक्त बासरी आणि पेटी उरते आणि आवाज येतो. घाई नाही, आळवणं नाही, सरळ शब्द. कडवं संपलं की पुन्हा धावणं. बाहेरची वर्दळ आणि आतली खोली असं ते अडीच मिनिटांत दोनदा आत-बाहेर करतं. शब्दांत जे सांगितलंय ते चालीतच घडतंय, म्हणून उपदेश वाटत नाही. ते ए-साईडला असतं तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं की सुरुवातीला गिटार टाका, निदान ड्रम तरी. पाठीवर होतं म्हणून जसं मुंबईत वाजलं तसं राहिलं.

त्याचं पुढे काय झालं? ‘लेडी मॅडोना’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत मात्र बी-साईडही वेगळी मोजायची पद्धत होती. तिथे ‘इनर लाइट’ एक आठवडा ९६ व्या क्रमांकावर राहिलं आणि दिसेनासं झालं. मगाशी म्हणालो ना, आकड्याआड लपता यायचं. जिथे नाही लपता आलं तिथे ९६. बीटल्सच्या अल्बमवर यायला त्याला १९७८ उजाडलं, आणि तोही ‘रॅरिटीज’, म्हणजे उरलंसुरलं गोळा केलेला. २००२ मध्ये हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेल्या लंडनच्या मैफिलीत जेफ लिन आणि अनुष्का शंकर यांनी ते सादर केलं. तो व्हिडिओ बघा. पण मला मूळचंच आवडतं, सनईसकट.

इथे ‘वंडरवॉल’ हा शब्द ओळखीचा वाटला असेल. हॉस्टेलवर गिटार घेतलेल्या प्रत्येक पोराने पहिल्या महिन्यात वाजवलेलं ओएसिसचं गाणं. नोएल गॅलाघरने ते नाव हॅरिसनच्या त्याच, काही अंशी मुंबईत बनलेल्या रेकॉर्डवरून उचललं. आणि १९९५ च्या त्या सिंगलच्या मागे काय होतं? ‘द मास्टरप्लॅन’. माझ्या मते ओएसिसचं सगळ्यात चांगलं गाणं, ‘वंडरवॉल’पेक्षा कितीतरी वरचं. रेकॉर्ड कंपनीच्या मालकानेही सांगून पाहिलं होतं की हे मागे टाकण्याजोगं गाणं नाही. गॅलाघरने ऐकलं नाही, आणि नंतर अनेक मुलाखतींत हळहळला. शेवटी १९९८ मध्ये बी-साईडचाच एक अल्बम काढावा लागला.

अशा गोष्टी ऐकल्या की आपल्याला बरं वाटतं. बी-साईडच्या चाहत्यांचं एक गोड दुखणं असतं, ते मलाही आहे. आम्हाला जे कळतं ते जगाला कळत नाही, हे त्या आवडीत मिसळलेलं असतं. शिवाय नागपूरकरांना हे दुखणं जन्मजात. उपराजधानी म्हणजे राज्याची बी-साईडच, वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशनाला उलटून लावायची. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त पुण्याला आणि बंगळुरूला गेले. मी मिहानमध्ये नोकरी धरली, आणि ‘अबे, तू अजून इथंच?’ हा प्रश्न दर दिवाळीत ऐकतो. त्यामुळे घराबाहेर न पडता जग कळतं म्हणणारं, दुसऱ्या बाजूचं गाणं मला का आवडतं, हे शोधायला मानसोपचारतज्ज्ञ नको.

पण बाबांच्या प्रश्नाने या सगळ्याला टाचणी लागली. त्या रात्री बसून शोधलं. आज या गाण्यासोबत जी नावं दिली जातात ती अशी: सरोदवर आशिष खाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, पखवाजवर महापुरुष मिश्र, सनईवर हनुमान जाधव, पेटीवर रिजराम देसाद. शेवटच्या दोन आडनावांची रोमन स्पेलिंगं अशी आहेत की मूळ नाव नेमकं काय होतं याची मला खात्री देता येत नाही. मी देवनागरीत लिहिलंय ते अंदाजाने. चौरसिया तेव्हा २९ वर्षांचे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आदल्याच वर्षी निघालेलं, पण रोजची भाकरी मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवण्यावर. सिंगलच्या गोल कागदावर यातलं कोणीच नव्हतं. वर गाण्याचं नाव, खाली ‘हॅरिसन’, त्याखाली ‘द बीटल्स’. अल्बमला मोठं कव्हर असतं, तिथे नाव छापता येतं. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे, आणि ते आडनाव वाचून कुठल्याही मराठी वाचकाचे कान टवकारावेत. सात इंची तबकडीला तेवढी जागाच नव्हती, किंवा कोणाला ती करावीशी वाटली नाही.

हे फक्त गोऱ्यांनी केलं असंही नाही. ‘महल’ सिनेमातल्या ‘आएगा आनेवाला’ची रेकॉर्ड १९४९ मध्ये निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव ‘कामिनी’ होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. एचएमव्हीचंच घर, आणि तिथली जुनीच रीत.

म्हणून बी-साईडच्या मोकळेपणाबद्दल मी वर जे लिहिलं ते मला अर्धंच खरं वाटायला लागलंय. तिच्याकडे कोणी बघत नाही म्हणून तिथे हॅरिसनला हवं ते करता आलं, हे खरंच. पण कोणी बघत नाही म्हणूनच तिथे कोणी वाजवलं हे लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नाही. त्या मोकळेपणाचा फायदा एकाला झाला. हॅरिसन पाठीवरून निघाला आणि दीड वर्षात, ऑक्टोबर १९६९ मध्ये, ‘समथिंग’ घेऊन ए-साईडवर पोहोचला. पेटी मागेच राहिली. आपण ‘दुर्लक्षित रत्न’ वगैरे म्हणून बी-साईडचं कौतुक करतो तेव्हा गाण्याचं दुर्लक्ष आपल्याला दिसतं. गाण्याच्या आतल्या माणसांचं दिसत नाही. त्याला पेटीवर बोटं फिरलेला माणूस लागतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, जी टाळून हा लेख संपवता आला असता.

कॉलेजात आमचा बँड होता, चौघांचा. मे २०१९ मध्ये, शेवटच्या सेमिस्टरनंतर, धरमपेठेतल्या एका घरगुती स्टुडिओत आम्ही दोन तास घेतले. हिंदी-इंग्रजी मिसळलेलं एक गाणं करायचं होतं, ते आमच्या गायकाचं. उन्हाचा पारा ४५ च्या पुढे. टेकच्या वेळी कूलर बंद, पंखा बंद, गिटारवर घामाचे थेंब. एचएमव्हीच्या साडेपाचच्या जिन्याबद्दल वाचलं तेव्हा मला हाच कूलर आठवला होता. ते गाणं लवकर झालं. पंचवीस मिनिटं उरली. पैसे तर दिलेलेच होते, म्हणून पोरं म्हणाली, तुझं ते मराठी वाजवून घे. अंबाझरीच्या पाळीवर बसून कोणाची तरी वाट बघण्याचं माझं एक गाणं होतं, जे फक्त साउंडचेकला वाजायचं. ते घेतलं.

मधे कुठेतरी ते फार रिकामं वाटत होतं. बाहेर पुढच्या वेळेसाठी एक भजनी मंडळ येऊन थांबलं होतं. रेकॉर्डिस्टने दार उघडून विचारलं, “काका, दोन मिनिटं पेटी धरता का?” पांढऱ्या लेंगा-सदऱ्यातले एक काका आत आले. म्हणाले, “पट्टी कोणती?” मी म्हणालो, सी शार्प. ते म्हणाले, “म्हणजे काळी एक.” एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा वाजवलं, तेच घेतलं. माझ्या दोन कडव्यांच्या मधे त्यांनी जे आठ सेकंद भरले, तेवढेच त्या गाण्यात ऐकण्यासारखे आहेत. ते उठले, पोरांनो चांगलं चाललंय म्हणाले आणि बाहेर गेले.

दोन्ही गाणी आम्ही एकाच दिवशी अपलोड केली. पहिल्याला आजवर अकरा हजार, माझ्याला २१४. या २१४ चा मी सहा वर्षं राग करत आलोय, आणि आकड्याआड लपता यायला हवं होतं, ही माझी थिअरी तिथूनच आली असणार. गाण्याखाली आम्ही नावं लिहिली होती. चौघांची, रेकॉर्डिस्टचं, पोस्टर करणाऱ्या मैत्रिणीचं. ‘विशेष आभार’ म्हणून कॉलेजसमोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्याचंही. काकांचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

बाबांनी विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टला फोन लावला. त्याने स्टुडिओ बंद करून आता लग्नाचे व्हिडिओ सुरू केलेत. “भजनवाले ना? अरे भाऊ, रोजचे यायचे बे ते लोक. एक मंडळ महालातलं होतं, एक मानेवाड्याचं.” वहीत मंडळाचा फोन असेल म्हणाला, वही सापडली नाही. मग मी ते गाणं बाबांना ऐकवलं, पहिल्यांदाच. ते शब्दांबद्दल काही बोलले नाहीत. आठ सेकंदांचा तो तुकडा मागे घेऊन दोनदा ऐकला. म्हणाले, “हात बसलेला आहे. मंडळांत विचारून बघतो, अशी बोटं लपत नाहीत.”

अजून सापडलेले नाहीत. बाबा विचारतायत. गाण्याखाली मी तेवढी एक ओळ घालून ठेवली आहे: पेटी – नाव विचारायचं राहिलं, मे २०१९, धरमपेठ, नागपूर.